करंट आहे का?

जानेवारी १९७९. सकाळचे सात वाजून गेलेत, तरी कानपूर रोडची पलीकडची कड दिसत नाही. ट्रक आधी ऐकू येतो, मग त्याचे पिवळट दिवे दिसतात, आणि तो अगदी अंगाला घासून गेल्यासारखा निघून जातो. नुसत्या स्वेटरवर ही थंडी निभत नाही, वरून शाल घ्या. लखनौच्या चारबाग स्टेशनापासून तुम्ही कानपूरच्या दिशेने निघालात, अमौसीचा विमानतळ मागे टाकलात आणि सरोजिनी नगरला उतरलात. समोर लांबलचक कुंपण आहे आणि फाटकातून सायकलींची रांग आत शिरते आहे. हा स्कूटर्स इंडिया लिमिटेडचा कारखाना.

तुम्हाला आज इथे एकच काम शिकायचं आहे: बंद पडलेल्या इंजिनाला करंट येतो की नाही, आणि येत नसेल तर तो नेमका कुठे अडला, हे शोधायचं. ठिणगीला गॅरेजात करंटच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

ते शिकायला या फाटकाबाहेरची जागा मला सर्वांत योग्य वाटते, कारण आत जी स्कूटर बनते तिचा प्रवासच मोठा आहे. मिलान शहराच्या लाम्ब्राते भागात फेर्दिनांदो इनोचेंटी यांच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली लॅम्ब्रेटा बाहेर पडली. १९७१ च्या सुमारास तिथलं उत्पादन थांबलं आणि १९७२ मध्ये भारत सरकारने यंत्रसामग्री, आराखडे आणि नाव असं सगळंच विकत घेतलं. ती यंत्रं जहाजाने आणि रेल्वेने इथवर आली, आणि १९७५ पासून सरोजिनी नगरच्या स्कूटरी रस्त्यावर यायला लागल्या. देशात विकायची ती विजय सुपर, परदेशी जायची ती लॅम्ब्रेटा. आपल्याकडच्या माणसाला हे नाव परकं नाही. मुंबईत भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने त्याच्याही कितीतरी आधीपासून लॅम्ब्रेटा बांधल्या होत्या.

म्हणूनच फाटकापाशी तुम्हाला मराठी ऐकू येतं तेव्हा दचकू नका. कानटोपी घातलेला हा फोरमन भांडुपला लॅम्ब्रेटावर हात बसवून इकडे आला आहे. रात्रपाळी संपवून तो चहाच्या टपरीकडे निघालाय. त्याला काका म्हणा. तो तुम्हाला अरे-तुरे करेल, ते मनावर घेऊ नका, शिकवणारा माणूस आहे.

टपरीच्या शेजारी एका मिस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे वर पत्रा, खाली तेलाने काळी झालेली जमीन, भिंतीवर टांगलेले जुने क्लच वायर आणि एक लाकडी पेटी. त्याच्यासमोर एक फियाट अडकली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. मालक कानपूरला निघालेत, गाडी रात्रभर बाहेर उभी होती, आणि आता ते एकामागून एक सेल्फ मारताहेत. सेल्फचा आवाज प्रत्येक वेळी थोडा जड होतो.

“साहब, अब सेल्फ मत मारिए, बैटरी बैठ जाएगी,” काका म्हणतात. मग तुमच्याकडे वळून, “आधी बघ. हात नंतर लावायचा.”

बॉनेट उघडलं आहे. तुम्ही वाका आणि नुसतं बघा. इंजिनाच्या अंगावर दव धरलंय. काळी बेकेलाइटची टोपी दिसते का, जिच्या डोक्यातून पाच जाड वायरी निघतात? तो डिस्ट्रिब्युटर, इथला मिस्त्री त्याला डेल्को म्हणतो. चार वायरी चार प्लगांकडे जातात, मधली पाचवी कॉइलकडून येते. कॉइल म्हणजे बाजूला पट्टीने आवळलेला तो ॲल्युमिनियमचा डबा. एका प्लगची वायर काढा, पान्याने प्लग सोडवा आणि नाकाशी धरा. पेट्रोलचा वास येतोय आणि टोक ओलं आहे. म्हणजे पेट्रोल आत पोचतंय, पेटत मात्र नाही.

एवढ्या एका प्लगने अर्धा शोध संपला. कोरडा निघाला असता तर काकांनी तुम्हाला पेट्रोल पंपाकडे आणि कार्ब्युरेटरकडे पाठवलं असतं. इंजिनाला मिश्रण लागतं, दाब लागतो आणि नेमक्या क्षणी ठिणगी लागते. यातलं कुठलं हजर आहे हे ठरवल्याशिवाय जो पाना उचलतो, त्याचा दिवस वाया जातो. मी चांगले मिस्त्री पाहिलेत, त्यांच्या हातापेक्षा त्यांचा क्रम मला जास्त शिकण्यासारखा वाटतो.

आता डेल्कोच्या मधली जाड वायर उपसून काढा. तिचं टोक उघड्या हाताने धरू नका, कोरडं फडकं गुंडाळा किंवा मिस्त्रीची रबरी मुठीची पक्कड घ्या. इंजिनाच्या उघड्या लोखंडापासून टोक पाच-सहा मिलिमीटरवर धरा, त्याहून लांब नको. वाट मिळाली नाही तर विजेचा दाब कॉइलच्या आतच फुटायला बघतो आणि चांगली कॉइल जळते. कार्ब्युरेटरपासूनही लांब राहा, आत्ताच प्लग काढलाय, हवेत पेट्रोल आहे. मिस्त्रीचा पोऱ्या पुढच्या बंपरमधून हँडल घालतो आणि जोर लावून इंजिन फिरवतो.

टक्. टक्. टक्.

जाड, निळी, आवाज करणारी ठिणगी. ती पिवळी आणि केसासारखी बारीक असती तर गोष्ट वेगळी होती. “बघितलंस?” काका म्हणतात, “बॅटरी, चावी, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, सगळे सुटले. आता चोर टोपीत नाहीतर वायरीत.”

ही परीक्षा मला फार आवडते. एकाच जागी हात घालून साखळीचे दोन तुकडे पाडायचे आणि निर्दोष तुकडा मनातून काढून टाकायचा. ठिणगी आली नसती तर काकांनी बल्बचा टेस्ट लॅम्प काढला असता. बल्बची एक वायर बॉडीला आणि दुसरी कॉइलच्या त्या खिळीला, जिथून बारीक वायर डेल्कोकडे जाते. चावी चालू करून हँडल फिरवायचं. डेल्कोतल्या पॉइंटच्या टिकल्या उघडल्या की बल्ब पेटतो, मिटल्या की विझतो. बल्ब पेटलेलाच राहिला तर पॉइंट टेकत नाहीत, किंवा टेकतात पण मळलेत. पेटतच नसेल तर कॉइलपर्यंत वीजच आली नाही, किंवा डेल्कोच्या आत कुठेतरी वायर बॉडीला लागली आहे. बल्ब, दोन वायरी आणि एक चिमटा, एवढंच सामान.

दोन स्प्रिंगच्या पट्ट्या सोडवा आणि टोपी हातात घ्या. आतल्या बाजूने बघा, उजेडाकडे तोंड करून. मधोमध स्प्रिंगवर बसलेला कोळशाचा छोटा खुंटा आहे, दाबला की आत जातो आणि परत येतो. भोवती धातूची चार टोकं. खाली डेल्कोत रोटर आहे, तो फिरताना मधल्या खुंट्याकडून करंट घेतो आणि एकेका टोकाला देत जातो. या इंजिनाचा क्रम एक, तीन, चार, दोन. हे सगळं ठीक आहे. पण टोपीच्या आतल्या भिंतीवर बारीक थेंब जमलेत, बोट फिरवलं की ओलं लागतं. लखनौच्या जानेवारीत सकाळी हे नेहमीचं. ओल्या पृष्ठभागावरून करंट सरकतो, प्लगपर्यंत जायच्या आधीच बॉडीला मिळतो.

कोरड्या फडक्याने टोपी पुसा, रोटर पुसा, चारही वायरी टोकापासून टोकापर्यंत पुसा, प्लगाचा पांढरा चिनीमातीचा भागही. मालक पुन्हा सेल्फकडे हात नेतात, काका डोळ्यांनीच थांबवतात. सगळं जागेवर बसलं. आता.

इंजिन धरतं. पण धडधडतंय, एक पाय लंगडा असल्यासारखं. मिसिंग.

मालक खूश आहेत, त्यांना निघायचंय. काका नाही म्हणतात, आणि मला वाटतं की गाडी चालू झाली म्हणून तपासणी न सोडणं, इथेच चांगला मिस्त्री ओळखू येतो. इंजिन संथ चालू असताना ते रबरी मुठीच्या पक्कडीने एकेका प्लगची वायर क्षणभर उचलतात. पहिली उचलली, इंजिन आणखी लंगडलं, म्हणजे तो सिलिंडर काम करतोय. दुसरी, तसंच. तिसरी उचलली आणि काहीच फरक पडला नाही. चौथी उचलल्यावर इंजिन मरायला आलं. तिसरा मेलेला आहे.

तिसरा प्लग काढून दुसऱ्याच्या जागी लावला, दुसरा तिसऱ्याच्या जागी. मेला तो तिसराच. म्हणजे प्लग निर्दोष. वायर बदलून पाहिली, तरी तिसराच. टोपी परत काढली जाते. आता मिस्त्री खिशातून भिंग काढतो आणि तुमच्या हातात देतो. तिसऱ्या टोकापासून टोपीच्या काठापर्यंत एक काळी रेघ गेली आहे, केसाहून बारीक, वाटेत दोन ठिकाणी फाटे फुटलेले. कधीतरी दमट सकाळी करंट इथून सरकला, जाताना त्याने बेकेलाइट जाळला, जळालेल्या जागी कार्बन उरला, आणि कार्बनमधून वीज वाहते. पुढच्या वेळी त्याला ओलसरपणाचीही गरज उरली नाही. फडक्याने ही रेघ पुसली जात नाही.

मिस्त्री ब्लेडच्या टोकाने ती रेघ खरवडतो, हलक्या हाताने, शेवटपर्यंत, फाट्यांसकट. वर वॉर्निशचा एक हात देतो, वाळू देतो. “कानपुर तक पहुँचा देगी। वहाँ नई कैप ले लीजिएगा,” तो मालकांना सांगतो. इंजिन चारही सिलिंडरवर चालतं. मालक पैसे विचारतात, मिस्त्री आधी चहा विचारतो. हे लखनौ आहे.

टोपी उघडी होती तेवढ्यात काकांनी तुम्हाला पॉइंट दाखवून घेतले, ते सांगायचं राहिलं. रोटरखाली दोन छोट्या टिकल्या समोरासमोर असतात. डेल्कोच्या दांड्याला चार उंचवटे आहेत, उंचवटा आला की टिकल्या दूर होतात, गेला की मिटतात. मिटलेल्या असताना बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलच्या काहीशे वेढ्यांतून वाहतात आणि लोखंडाच्या गाभ्यात चुंबकत्व भरतं. टिकल्या दूर झाल्या की प्रवाह एकदम तुटतो, चुंबकत्व कोसळतं, आणि दुसऱ्या, हजारो बारीक वेढ्यांत दहा-वीस हजार व्होल्ट उभे राहतात. ते प्लगाच्या फटीवरून उडी मारतात. ही रचना १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅक गाडीसाठी बसवली, आणि त्यानंतरची साठ-सत्तर वर्षं जगभरच्या मोटारी तिच्यावरच चालल्या. तुमच्यासमोरची फियाटही. तीन हजार फेऱ्यांवर चार सिलिंडरच्या इंजिनात हे सेकंदाला शंभर वेळा घडतं.

उंचवटा बरोबर माथ्यावर येईल असं हँडल फिरवा आणि फटीत फीलर गेजची ०.४५ मिलिमीटरची पाती घाला. ती घासून जायला हवी, अडायला नको आणि सैलही नको. फट कमी राहिली तर टिकल्या उशिरा उघडतात, टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे पडतं, गाडी सुस्त होते आणि तापते. जास्त ठेवली तर टिकल्या मिटलेल्या राहायचा वेळ घटतो, कॉइल पुरती भरत नाही, आणि ऐन वेगात करंट कमी पडतो. आणि पॉइंट हलवले की टायमिंग हललं, हे नवशिका नेहमी विसरतो. म्हणून आधी पॉइंट, मग टायमिंग. उलटं केलं तर काम दोनदा.

दुपारी धुकं विरतं. ऊन अंगावर घ्या, शाल खांद्यावर टाका. आता दुकानात विजय सुपर आली आहे. १४८ सीसीचा एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक. मालक नवा आहे, पाठीमागे बायको उभी, कडेवर मूल. त्या काळी स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नाव नोंदवून बसावं लागे, तेव्हा दारात आलेली स्कूटर बंद पडणं म्हणजे घरातली काळजीची गोष्ट.

इथे बॅटरीवरची कॉइल नाही. इंजिनाच्या बाजूला फिरणारं जड फ्लायव्हील आहे, त्याच्या पोटात चुंबक बसवलेत, आणि तेच फिरता फिरता वीज तयार करतं. मिस्त्री त्याला मॅग्नेट म्हणतो. बॅटरी नसली तरी किक मारली की करंट यायला हवा.

प्लग काढा. काळा, तेलकट, आणि दोन टोकांच्या मध्ये कार्बनचा एक बारीक तंतू अडकलाय, डोळ्यांजवळ धरल्याशिवाय दिसत नाही. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल जळतं, ऑइल जास्त पडलं की हा तंतू तयार होतो. करंट फटीवरून उडी मारत नाही, तंतूवरून चालत जातो. पिनेने तंतू काढा, तारेच्या ब्रशने टोकं घासा, पेट्रोलने धुवा, कोरडं करा. प्लग वायरीत घालून सिलिंडरच्या डोक्याला टेकवा आणि किक मारा. ठिणगी आहे, पण पिवळी आणि अशक्त.

“आता इकडे बघ,” म्हणत काका फ्लायव्हीलच्या खिडकीकडे बोट दाखवतात आणि हाताने उजेड अडवतात. पोऱ्या किक मारतो. पॉइंटच्या टिकल्यांमध्ये लख्ख पांढरा चमकारा. “पॉइंटात दिवाळी आणि प्लगला अंधार. कंडेन्सर गेला.”

कंडेन्सर ही बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी आहे. टिकल्या उघडताना प्रवाह थांबायला तयार नसतो, तो फटीतून ठिणगी मारत वाहू पाहतो. कंडेन्सर त्याला क्षणभर आपल्यात घेतो, त्यामुळे प्रवाह झटक्यात तुटतो. तो निकामी झाला की टिकल्या जळतात आणि प्लगला उरतं ते उष्टं. नवा कंडेन्सर काही रुपयांत येतो. तो न ओळखता कॉइल बदलणारे, पॉइंट बदलणारे, शेवटी इंजिन उघडणारे मिस्त्री त्या काळात गावोगाव होते, आणि त्यांच्यामुळे चांगल्या स्कूटरींची बदनामी झाली याचं मला खरंच वाईट वाटतं.

नवा कंडेन्सर बसला. आता टायमिंग, आणि त्यासाठी मिस्त्री सिगारेटचा पातळ कागद मागतो. कागदाची पट्टी टिकल्यांमध्ये धरायची, हलकासा ताण ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने फ्लायव्हील सावकाश फिरवायचं. ज्या क्षणी टिकल्या सुटतात त्या क्षणी कागद हातात येतो. त्याच क्षणी फ्लायव्हीलवरची खूण केसिंगवरच्या खुणेसमोर असली पाहिजे. ती खूण पिस्टन माथ्याला पोचायच्या आधीची आहे, कारण मिश्रण पेटायला वेळ लागतो आणि त्याचा पुरा जोर पिस्टन खाली निघताना मिळावा लागतो. कागद तुम्ही धरा. पहिल्यांदा तो ओढला जातो की सुटतो हेच कळत नाही. पुन्हा फिरवा. मग बोटांना कळतं.

स्कूटर दुसऱ्या किकला चालू होते. बाई मुलाला पुढे उभं करतात.

रात्री थांबायचं असेल तर थांबा, एक गोष्ट अंधारातच दिसते. टॅक्सीवाले येतात तेव्हा मिस्त्री दुकानातला दिवा मालवतो, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवतो आणि वायरींकडे बघतो. जिथे रबर चिरलंय तिथून बारीक निळी ठिणगी बॉडीकडे उडताना दिसते. दिवसा कितीही शोधा, ती चीर सापडत नाही.

आता शाल काढा. १९९७ आहे. फाटकापाशी स्कूटरींची रांग नाही, दुचाकींचं उत्पादन इथे याच वर्षी थांबलं. पुण्याची बजाज तोवर घराघरांत पोचली होती, आणि डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुतीने मध्यमवर्गाची नजर चार चाकांकडे वळवली होती. सरोजिनी नगरच्या कारखान्याला विक्रमने जगवलं, त्या बोजड, दणकट, तीन चाकी गाडीने. लखनौच्या रस्त्यावर ती माणसं कोंबून धावते. डिझेलच्या विक्रममध्ये करंट शोधायचा प्रश्नच नाही. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. प्लग नाही, पॉइंट नाही, कॉइल नाही. धूर मात्र आहे, रुमाल नाकाला लावा.

त्याच धुरामुळे पुढचा थांबा येतो. २००५ मध्ये लखनौ आणि आग्र्यासाठी ग्रीन गॅस लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि शहरात सीएनजी आला. सीएनजीबरोबर विक्रममध्ये ठिणगी परतली, आणि तिच्याबरोबर एक नवी तक्रार. रिकामी गाडी सुरळीत, आठ-दहा माणसं बसली आणि ॲक्सिलरेटर पिळला की झटके. चालक शपथेवर सांगतो की गॅसमध्येच भेसळ आहे.

तुम्ही गॅसकडे बघू नका, प्लग काढा. पांढऱ्या चिनीमातीवर उभी करडी रेघ आहे का? करंट आतल्या फटीवरून जायच्या ऐवजी बाहेरून, चिनीमातीच्या अंगावरून बॉडीला उतरला, त्याचा हा माग. सीएनजी आणि हवेच्या मिश्रणातून ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, आणि भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, मग आणखी जास्त. पेट्रोलवर जी वायर आणि जी रबरी टोपी निभावून नेते, ती इथे उघडी पडते. प्लगाची फट कंपनीने सांगितली तेवढी, म्हणजे पेट्रोलपेक्षा कमी ठेवायची, वायर आणि टोपी नवी घालायची, आणि चिनीमातीला बोटांचा मळ लागू द्यायचा नाही. चालकाला हे समजावून सांगा, कारण त्याला गॅसवाल्याशी भांडायला पाठवणारे बरेच भेटतील.

बाकीचा काळ भरभर जातो. इलेक्ट्रॉनिक इग्निशनने पॉइंट आणि कंडेन्सर संपवले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, प्लगावर बसणारा थर बदलला, जुन्या मिस्त्रींना रंग नव्याने वाचायला शिकावं लागलं. मार्च २०१९ मध्ये मेट्रो अमौसीच्या विमानतळापर्यंत पोचली. जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्कूटर्स इंडिया बंद करायला मंजुरी दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच जुन्या जमिनीवर अशोक लेलँडच्या विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या कारखान्याचं भूमिपूजन झालं. मिलानची यंत्रं जिथे बसली होती, ती जागा आता ज्यांत ठिणगीच नाही अशा बसांसाठी आहे. ब्रिटनमध्ये मात्र सरोजिनी नगरची लॅम्ब्रेटा अजून हौसेने जपली जाते, आणि तिचे पॉइंट आजही फीलर गेजने लावले जातात. कारखाना गेला याचं दुःख मला आहेच, पण त्याच्या फाटकाबाहेर जमलेली शोधायची पद्धत गेली असती तर जास्त झालं असतं.

ती गेलेली नाही, हे बघायला रस्ता ओलांडा. आजची सकाळ. एका गॅरेजात तीन सिलिंडरची वॅगन आर उभी आहे, इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय आणि गाडी मिसिंग करतेय. पोरगा चटपटीत आहे, त्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. कोड आला: पी ०३०२. दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. मोबाइलवर तो लगेच प्लग, कॉइल आणि इंजेक्टर, तिन्हींची किंमत काढतो. मालकीणबाई आकडा ऐकून गप्प झाल्यात.

“भैया, एक मिनट,” तुम्ही म्हणा.

स्कॅनर एवढंच सांगतो की दुसरा सिलिंडर पेटत नाही. का, हे तो सांगत नाही. इथे डेल्को नाही, लांब वायरी नाहीत, प्रत्येक प्लगाच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसली आहे. म्हणून चालू इंजिनावर वायर उचलायची ती जुनी पद्धत इथे वापरायची नाही. विजेचा दाब वीस हजार व्होल्टच्याही बराच वर जातो, माणसाला इजा होते आणि संगणकालाही. चावी बंद करा. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढा, तिच्या रबरी नळीत तेल किंवा पाणी उतरलंय का बघा, जोडणीची पिन हिरवी पडली आहे का बघा. दोन्ही स्वच्छ. आता ती कॉइल तिसऱ्यावर बसवा आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर. प्लग आणि इंजेक्टर जागचे हलवू नका, एका वेळी एकच गोष्ट हलवायची. कोड पुसा आणि गाडी कानपूर रोडवर दोन किलोमीटर फिरवून आणा, मागे माणसं बसवून, भार देऊन.

परत आल्यावर पोरगा स्कॅनर लावतो. पी ०३०३.

“कॉइल है,” तो म्हणतो, आणि मोबाइलवरच्या यादीतून प्लग आणि इंजेक्टर काढून टाकतो.